धावड्याचा दांडा

गिऱ्हाईक आलं की ती उठायची, ढिगातला एक दांडा उचलायची, दोन्ही हातांनी डोक्याच्या वर नेऊन समोरच्या काळ्या दगडावर सगळ्या अंगाचा जोर लावून हाणायची. दगडाची ढलपी उडायची. आसपासचं कुत्रं शेपूट घालून पळायचं. मग तोच दांडा गिऱ्हाइकाच्या छातीला टेकवून म्हणायची,

"बघ. मोडला तर माज्या टकुऱ्यात घाल."

कुणी कधी तिच्या टकुऱ्यात घातला नाही. दांडाच मोडला नाही. आणि मोडला असता तरी तिच्यापुढं जाऊन ते सांगायची छाती वेल्ह्याच्या बाजारात फारशी कुणाची नव्हती.

त्या वेळी मी वेल्ह्याच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. दिवस संस्थानी अमलाचे. डॉक्टर भोरला असायचे, मधूनअधून घोड्यावरून फेरी मारायचे. एरवी बाटल्यांचं एक कपाट, दोन लोखंडी खाटा आणि मी, एवढाच दवाखाना. लोक मला डागदर म्हणत. मी डॉक्टर नाही, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं आणि शेवटी मी सांगायचं सोडलं. ती मात्र पहिल्यापासून मला कंपाँडर म्हणायची. तेही असं खणखणीत, की ऐकणाऱ्याला वाटावं ही ह्याला शिवी देतेय.

बाजार दवाखान्याच्या ओट्याखालीच भरायचा, त्यामुळं खिडकीतून मला ती समोर दिसायची. तोरण्याच्या कुशीतल्या एका वाडीची बाई. उंच, काटकुळी, कासोटा घट्ट मारलेला. डाव्या हाताची करंगळी अर्धीच होती, उरलेली लाकूड तासायच्या वाकसानं खाल्ली होती. नवरा दांडे तासायचा. तो तापानं गेला. तेराव्याला पाव्हणे उठून गेले आणि ही त्याचं वाकस घेऊन अंगणात बसली. कुणी म्हणालं, बाईमाणसानं हे करू नये. तिनं वर न बघता विचारलं, "मंग तू करून देतोस का?" तो गेला आणि पुन्हा त्या अंगणात आला नाही.

धावडा तुम्ही पाहिला असेल, पण ओळखला नसेल. तिथल्या उतारांवर ऐन आणि किंजळीच्या गर्दीत तो उभा असतो. साल पांढुरकी, जखमेवरची खपली निघावी तशी सुटणारी. थंडी सरता सरता पानं तांबडी होतात. सागासारखा त्याला मान नाही. सागाची दारं होतात, पेट्या होतात. धावड्याचं जे होतं ते सगळं मार देणारं आणि मार खाणारं. कुऱ्हाडीचा दांडा, कुदळीचा दांडा, गाडीचा आस, उखळातलं मुसळ.

"साग दिसाय बरा," ती म्हणायची. "पर एक टोला बसला की कटकन जातो. ऐन जड, त्यो मनगाट खातो. धावडा वाकंल, पर जायाचा न्हाई. दणका सोताच्या अंगात जिरवतो, हाताला झिणझिणी येऊ देत न्हाई."

ती दांडा करवतीनं कापत नसे. ओंडक्याला पाचर मारून तो त्याच्या रेषेरेषेनं फोडायची आणि मग तासायची. करवतीनं रेषा तुटतात आणि तिथंच दांडा दगा देतो, असं तिचं म्हणणं. धावड्याला एक खोड मात्र होती. घाईनं वाळवला की तो लांबच्या लांब तडकायचा. म्हणून ती कच्चे दांडे गोठ्यात पेंढ्याखाली ठेवायची, मग चुलीवरच्या धुरात टांगायची, शेवटी करंजाचं तेल चोळायची. "उन्हात टाकला की तडाकतो," ती सांगायची आणि स्वतःच हसायची, "माज्यावानीच."

तिचा आणि माझा संबंध मालामुळंच आला. तुम्हाला सांगतो, त्या मुलखात माणसं शांत होती असं जे म्हणतात ते दवाखान्यात न बसलेली माणसं म्हणतात. बांध कोरला म्हणून, पाणी वळवलं म्हणून, जत्रेत धक्का लागला म्हणून, काहीच नाही तर जुनं आठवलं म्हणून डोकी फुटायची. फुटलेलं डोकं घेऊन कुणी ओट्यावर चढलं की ती दुकान तसंच टाकून माझ्या मागं यायची. मी जखम धूत असलो की खांद्यावरून वाकून बघायची. बोटानं दाबून बघायची. पेशंट बोंबलायचा.

"माजा न्हाई ह्यो," ती निकाल द्यायची. "बांबूचा हाय. माजा असता तर ह्यो हितवर चालत आला नसता."

आणि समाधानानं खाली जाऊन बसायची.

एकदा एका रानशिपायानं फुकट दांड्यासाठी तिची मोळी अडवली. ती मोळीवर बसली. त्यानं तिला दंडाला धरून ओढलं. तिनं त्याच्या मनगटाचा असा चावा घेतला, की त्याला माझ्याकडं यावं लागलं. मी टिंक्चर लावत होतो आणि तो डोळ्यांतून पाणी काढत होता, तेवढ्यात ही दारात.

"लई खोल गेला का दात?"

"मावशी, जा आता," मी म्हणालो.

"न्हाई, इचारलं. दुकायचं बिचाऱ्याला." आणि खरंच पदराच्या गाठीतून हळदीचं कुडकं काढून माझ्या टेबलावर ठेवून गेली.

तिला एकच लेक होती, येसू. पालीला, राजगडाच्या पायथ्याला दिलेली. जावई कोंडिबा. चांगला उंचापुरा, स्वतःची भातखाचरं, दोन बैल. लग्नात हिनं त्याला नवी कुऱ्हाड दिली होती. पातं लोहाराचं आणि दांडा हिचा, निवडून काढलेला. तो दांडा तिनं मला आणून दाखवला होता. हाताला रेशमासारखा लागत होता. टोकाला मूठ सुटू नये म्हणून एक गोल बोंड ठेवलेलं. "जावायाला हाय," ती म्हणाली होती. तिच्या तोंडावर लाज आलेली मी तेवढ्याच वेळी पाहिली.

मग एका बाजारच्या दिवशी येसू ओट्यावर चढली. बरोबर शेजारची एक बाई होती. येसूनं डावा हात पदरात गुंडाळून छातीशी धरला होता. पालीहून ती चालत आली होती. हात मनगटाच्या वर मोडलेला. मी हात बांधायला कामट्या शोधायला लागलो आणि विचारलं, कसं झालं?

"माळ्यावरनं पडली," येसू म्हणाली.

शेजारीण दुसरीकडं बघत राहिली.

लेकीला चढताना खालून आईनं पाहिलं होतं. ती वर आली. येसूच्या मागं गेली आणि तिच्या पाठीवरचा पदर बाजूला केला. पाठीवर आडवे उठलेले वळ होते. काही जुने, हिरवट पडलेले. काही ताजे. एका वळाच्या टोकाला, खांद्याच्या फऱ्यावर, सुपारीएवढी गोल, काळीनिळी खूण होती. आईनं त्या वळावरून अंगठा फिरवला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश, लाकूड बघावं तसा. गोल खुणेपाशी अंगठा थांबला.

"ह्यो माजा हाय," ती म्हणाली.

येसू रडायला लागली. शेळी नाचणीत शिरली होती, एवढंच कारण. त्याआधीची कारणंही अशीच.

आई खाली गेली. दांडे गोळा करून दोरीनं बांधले, मोळी आणून माझ्या कपाटाशेजारी उभी केली. "ह्ये हितं ऱ्हाऊ द्या."

"मावशी, कुठं निघालात?"

"जावायाकडं. पाव्हणी जाते."

तिचे दोन्ही हात रिकामे होते. मला त्यातल्या त्यात तेवढंच बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ऊन चढलं असेल, पालीकडून माणसं येताना दिसली. घोंगडीची झोळी, दोन्ही टोकांना खांदे देणारे. झोळीत कोंडिबा होता. पुढच्या टोकाला एक गडी होता आणि मागच्या टोकाला ती होती. घामानं निथळत होती. ओट्याच्या पायऱ्या चढताना तो गडी धापा टाकत म्हणाला, "आमी म्हणतोय खांदा बदल, तर ऐकंना. सारी वाट हिनंच वाहिला."

कोंडिबाला मी रिकाम्या खाटेवर घेतलं. शेजारच्या खाटेवर येसू होती. त्याचा उजवा हात मी पाहिला. कोपर राहिलंच नव्हतं. कातडीच्या पिशवीत खडे भरावेत तसं आत सगळं हलत होतं. तो दात खाऊन पडला होता.

काय घडलं ते त्या गड्यानं मला बाहेर ओट्यावर सांगितलं. कोंडिबा खळ्यावर लाकडं फोडत होता, चारदोन माणसं बसली होती. ही आली. सासू आली म्हणून त्यानं राम राम केला.

"जावायबापू, दांडा बघू कसा चाललाय," ती म्हणाली.

त्यानं कुऱ्हाड दिली. तिनं दांडा दगडावर उलटा ठोकून पातं सैल केलं, काढलं आणि नीट बाजूला ठेवलं. बसलेल्यांना वाटलं, नवी पाचर मारायची असेल. मग ती म्हणाली, "लोखंडानं माणूस मरतं. तू मरायचा न्हाईस. कुटला हात?"

तो हसला. त्याला कळलंच नाही.

पहिल्या फटक्याला तो बसला. दुसऱ्याला आडवा झाला. माणसं उठली, पण पुढं कुणी गेलं नाही. तिनं हात खळ्याच्या दगडावर ठेवला आणि पुन्हा हाणला. दांडा मोडला नाही. मग तिनं तो खाली टाकला, घरातून घोंगडी आणली, आणि बघत उभ्या राहिलेल्यांवर ओरडली, "बघताय काय मुडद्यांनो? उचला त्येला. दवाखान्यात न्यायचाय."

आत येसू खाटेवरून उठली होती. एका हातानं तांब्या धरून ती नवऱ्याच्या तोंडाला पाणी लावत होती.

"कुणी केलं?" तिनं विचारलं. तो भिंतीकडं वळला.

"म्या," आई दारातून म्हणाली.

आता ही आईच्या गळ्यात पडेल, असं मला वाटलं होतं. तुम्हालाही वाटलं असेल. येसू वळली. मोडका हात फडक्यात, केस सुटलेले.

"तुला कुणी सांगितलं व्हतं?" ती किंचाळली. "म्या आली व्हती तुज्या दारात? माजा हात महिन्यात जुळंल. ह्येचा कवा जुळंल? खाचरं माजी हाईत, बैलं माजी हाईत. आता नांगूर कोन धरंल? तू?"

"व्हय," आई म्हणाली. "म्या धरीन."

येसूनं हातातला तांब्या फेकून मारला. तो आईच्या कपाळावर बसला. भुवईवर कातडी फाटली, रक्त डोळ्यात उतरलं. मी कापूस घेऊन पुढं झालो तर तिनं माझा हात बाजूला केला.

"ऱ्हाऊ द्या. त्ये बरूबर हाय."

आणि ओट्याच्या पायरीवर जाऊन बसली. ठाण्याचे शिपाई आले तेव्हाही ती तिथंच बसलेली होती, रक्त सुकलेलं.

भोरहून डॉक्टर आले. हात कापावा लागला नाही, पण उपयोगाचाही राहिला नाही. कोपरातून ताठ झाला, बोटांत जीव उरला नाही. सुकलेल्या फांदीसारखा अंगाशी लटकायचा.

खटला भोरला चालला. जखमांची साक्ष द्यायला मला जावं लागलं. कोंडिबानं साक्षीत सांगितलं, की तो आंब्यावरून पडला. सासूनं हात मोडला हे चार लोकांत म्हणायची त्याला लाज वाटत असावी. लोक तोंडावर उपरणं धरून हसत होते. न्यायाधीशांनी तिला विचारलं, काय म्हणायचं आहे?

"खोटं बोलतोय त्यो. आंबा कशाला हात मोडंल त्येचा? म्या मोडला."

"का?"

"माजा दांडा व्हता, सायब. लेकीला माराय दिला नव्हता."

येसूनं साक्षच दिली नाही. उभी राहिली, खाली बघत राहिली, आणि खाली बसली.

आईला काही महिन्यांची कैद झाली. सुट्टीत घरी भोरला गेलो की मी तुरुंगात तिला भेटायला जायचो. बायको भाकरी-पिठलं बांधून द्यायची. तिथं ती दळण दळायची. जात्याचा खुंटा सैल होता म्हणून तिनं जमादाराशी भांडण काढलं होतं आणि खैराचा तुकडा मिळवून नवा बसवला होता. लेकीचं नाव ती घ्यायची नाही, मीही नाही. एवढंच विचारायची,

"कंपाँडर, भाताच्या चिखलणीच्या आत सोडतील न्हवं?"

सोडलं. ती वाडीला न जाता थेट पालीला गेली.

बाई नांगर धरत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. धरला तर पाऊस फिरून जातो, अशी तिकडची समजूत. लावणी बाई करते, तण काढायची बेणणी बाई करते, पण नांगराची मूठ, रुमणं, गड्याच्याच हातात. ही लेकीच्या गोठ्यात शिरली, बैल सोडले, नांगर खांद्यावर घेतला आणि खाचरात उतरली. बांधावर गाव गोळा झालं. देवी टोचायच्या कामासाठी मी त्या दिवशी पालीत होतो, म्हणून मलाही बघायला मिळालं.

पाटील पुढं झाले. चांगला माणूस, पण घाबरला होता. "बाई, नांगूर सोड. गावाचा पाऊस जाईल."

"पाटील, तुमी येता धराय?"

"माजं रान मला पुरं हाय."

"मंग कोन येतं? हात वर करा." ती सगळ्या बांधावर बघत म्हणाली. कुणी हात वर केला नाही. "हात मोडला तवा बी बघत हुबं ऱ्हायलात, आता बी बघत हुबं ऱ्हाता. पाऊस गेला तर माज्याकडं या. म्या हितंच हाय."

एका पोरसवदा गड्यानं चिखलाचा गोळा फेकला, तो तिच्या छातीवर बसला. मग दुसरा. एक दगडही आला, तो बैलाला लागला. बैल उसळला तशी ती रुमणं सोडून बांधावर धावली, आणि त्या गड्याला मानेला धरून चिखलात तोंडावर पाडला. उठून आली, नांगर पुन्हा धरला. त्यानंतर कुणी काही फेकलं नाही. पाऊस त्या वर्षी नेहमीसारखाच झाला. गावानं तो विषय सोडून दिला.

ती लेकीच्या घरात राहायची नाही. खाचराच्या कडेला खोपट घालून राहायची, आपली नाचणीची भाकर आपण भाजायची. चिखलणी झाली की वाडीला, पुन्हा कापणी-मळणीला हजर. येसू तिच्याशी बोलायची नाही. लावणीला त्याच खाचरात, चार हातांवर वाकून रोपं लावायची, पण एक शब्द नाही. कोंडिबा बांधावर बसून असायचा. पहिल्या वर्षी सासू समोरून गेली की तो तोंड फिरवायचा आणि थुंकायचा.

दुसऱ्या साली मी गेलो तेव्हा तो एकदम ओरडलेला ऐकू आला, "मामी, डावा बैल वढतुया. जू खाली घ्या." तिनं जू खाली घेतलं. बस्स. पण त्या दिवसापासून दोघं कामापुरतं बोलायला लागली. कुठलं बी, कुठला बांध आधी फोडायचा. त्याला कळायचं आणि तिला करता यायचं. येसू दुरून बघायची. तिसऱ्या साली कधी तरी बांधावर पळसाच्या पानात कालवण झाकून ठेवलेलं दिसायला लागलं, वर दगड. कुणी ठेवलं हे कुणी बोलत नसे. ती खायची, पान धुवायची आणि दगडाखाली ठेवून द्यायची.

बाजारात तिचं दुकान चालूच होतं. खरं सांगायचं तर जास्तच चाललं. जावयाचा हात मोडूनही न मोडलेला दांडा म्हणून कापूरहोळपासून लोक मागायला यायचे. एकानं तसं तिला तोंडावर बोलून दाखवलं. हसत होता. तिनं त्याच्या हातातला दांडा काढून घेतला आणि त्याच्या पोटात असा खुपसला, की तो दुमता होऊन बसला. "तुला देत न्हाई. जा, बांबू घे." त्यानंतर मात्र ती गिऱ्हाइकांच्या बायकांकडं बघायला लागली. बायको बरोबर असेल तर तिला आधी विचारायची, "देऊ का ह्येला?" बायका लाजायच्या, हसायच्या. एकदा एक बाई हसली नाही, मान खाली घालून उभी राहिली. तिच्या नवऱ्याला दांडा मिळाला नाही. त्यानं बाजारात आरडाओरडा केला, शिव्या दिल्या. ती ऐकत बसली. तो थकला तेव्हा म्हणाली, "झालं? जा."

मग लढाईचे दिवस आले. कोळसा करणारे ठेकेदार रानात घुसले. धावड्याचा कोळसा चांगला पेटतो. जवळची झाडं भट्ट्यांत गेली आणि दांड्यासाठी तिला वर वर, कड्याखालच्या अवघड जागी जावं लागायला लागलं. तिचं वयही झालं होतं. मी सांगायचो, मावशी, आता पुरे. ती म्हणायची, "कंपाँडर, तुमी तुमची इंजक्शनं बघा."

फाल्गुनात, पानं गळाली की ती लाकूड तोडायची. त्या वर्षी उतारावर कलंडलेला एक धावडा तिनं धरला. कललेलं झाड तोडताना मोठा धोका असतो. अर्ध्यावर घाव गेला की वरचा भार खोडाला उभं फाडतो, आणि फाटलेली फाळ मागं उसळते. ती तशीच उसळली आणि तिच्या छातीत बसली. वाडीतल्या गुराख्यांनी तिला झोळीतून खाली आणलं. माझ्या टेबलावर ठेवली तेव्हा श्वास चालू होता. एका बाजूच्या बरगड्या आत गेल्या होत्या. तोंडातून फेसाळ रक्त येत होतं. माझ्या कपाटात त्याला काही नव्हतं. मी तिचं तोंड पुसत राहिलो.

पालीला निरोप गेला. येसू आणि कोंडिबा धावत आले, पण ते ओट्यावर पोहोचले तेव्हा तिचे डोळे मी मिटले होते.

येसू टेबलापाशी आली. मग तिनं आईचे दोन्ही खांदे धरले आणि तिला गदागदा हलवलं. डोकं टेबलावर आपटलं. मी मध्ये पडलो तर तिनं मला ढकललं.

"ऊठ!" ती ओरडत होती. "ऊठ, भवाने! इतकी वर्सं खाचरात पाठ करून हुबी ऱ्हायलीस. आता म्या बोलतीया तर गप का? बोल की! घाल की शिव्या!" आणि उघड्या हातानं ती आईच्या छातीवर, त्याच मोडलेल्या बरगड्यांवर, मारत सुटली. कोंडिबानं तिला डाव्या हातानं कमरेला धरून मागं ओढलं. तिनं त्याच्याही तोंडावर मारलं. त्यानं ते खाल्लं आणि तिला सोडलं नाही.

मुलगा नव्हता. भाऊबंदांनी नाक मुरडलं. मडकं कोंडिबानं धरलं, डाव्या खांद्यावर. उजवा ताठ हात अंगाशी लोंबत होता. नदीकाठी वारा होता आणि चिता नीट पेटेना, तेव्हा तो गुडघ्यावर बसून तोंडानं फुंकत राहिला. धुरानं त्याचे डोळे सुजले होते.

आषाढात मी पुन्हा पालीला गेलो. वाट त्यांच्या खाचरांवरूनच होती. बांधावर गाव नव्हतं, जो तो आपापल्या चिखलात होता. कोंडिबानं डाव्या हातानं रुमणं धरलं होतं आणि येसू पुढं बैलांची वेसण धरून चालत होती. नांगर सरळ जात नव्हता. एका हातानं त्याला तो तोलवत नव्हता. नांगर कडेला झुकायचा, कोंडिबा शिव्या द्यायचा, पुन्हा सावरायचा.

मध्येच फाळ दगडाला अडला. बैल थांबले. "वढ की!" कोंडिबा ओरडला. "मेली का बैलं? वढ!" येसूनं ओढलं. नांगर हलला नाही. त्यानं रुमणं सोडलं, पाठीला खोचलेला आसूड उपसला आणि चिखल तुडवत पुढं आला. डावा हात वर गेला.

मी बांधावर उभा राहिलो.

येसूनं तोंडापुढं हात धरला नाही. मागंही सरली नाही. वेसण हातात धरून ती त्याच्याकडं बघत राहिली. पावसाचं पाणी तिच्या तोंडावरून गळत होतं. आसूड वर तसाच राहिला, मग हळूहळू खाली आला आणि चिखलात पडला.

येसू खाली वाकली. फाळापाशी दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलात घातले, दगड हलवला, उपटून काढला आणि बांधावर भिरकावला. तो माझ्या पायाजवळ येऊन पडला. तिनं हात पदराला पुसले आणि वेसण धरली.

"धर," ती म्हणाली.

त्यानं वाकून रुमणं धरलं, आणि बैल चालायला लागले.